द्वारकेचा हॉर्न आणि पाथरवटाचा मुलगा

रात्री अकरानंतर द्वारका जरा शांत होते. जराच. काठे गल्लीतल्या आमच्या गच्चीवर उभं राहिलं की उड्डाणपुलावरून जाणाऱ्या ट्रकचे हॉर्न स्पष्ट ऐकू येतात. ट्रक लांबून येत असतो तेव्हा हॉर्नचा सूर चढा असतो, आणि तो समोरून पुढे सरकला की त्याच क्षणी सूर खाली पडतो. ड्रायव्हरने काहीच केलेलं नसतं, हॉर्न तोच असतो. तुम्हीही हे हजार वेळा ऐकलंय. सर्कलला रस्ता ओलांडायला ताटकळत उभे असताना सायरन वाजवत अॅम्ब्युलन्स गेली असेल तेव्हा, किंवा नाशिकरोडच्या फलाटावर न थांबणारी एक्स्प्रेस शिट्टी मारत गेली असेल तेव्हा.

थोडं गणित करू या, घाबरू नका. हॉर्नचा आवाज सेकंदाला 400 कंपनांचा आहे आणि ट्रक ताशी 60 किलोमीटर वेगाने येतोय असं धरा. तुमच्या कानाला ऐकू येतात सुमारे 420 कंपनं. ट्रक पुढे गेला की ऐकू येतात सुमारे 381. पेटीवर वाजवून बघणार असाल तर हा फरक कोमल ऋषभाहून जास्त आणि शुद्ध ऋषभाहून किंचित कमी. म्हणजे सुरांचा गंध नसलेल्या माझ्यासारखीलाही कळावा एवढा.

बारावीला आपण याला डॉप्लर परिणाम म्हणतो, सूत्र पाठ करतो, पाच मार्क घेतो आणि विसरतो. मीही विसरले होते. यंदाच्या मे महिन्यात ते नाव माझ्यासमोर पुन्हा आलं तेव्हा कागदावर होतं आणि कागद माझ्या ताईचा होता.

ताई सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली. आठ दिवसांतच तिची उजवी कूस दुखायला लागली. साधं नाही, घाम फुटेपर्यंत. सोनोग्राफीत उजवी किडनी सुजलेली दिसली. आता यात गंमत, म्हणजे खरं तर गंमत अजिबात नाही, अशी आहे की गरोदरपणात उजवी किडनी थोडी फुगणं बऱ्याच बायकांत होतं. गर्भाशय मोठं होतं, उजवीकडच्या मूत्रवाहिनीवर दाब येतो, हार्मोन्समुळे ती नळी सैल पडते. ते आपोआप निस्तरतं. पण सूज मुतखडा अडकल्यामुळेही येते, आणि लघवीची वाट खरोखरच तुंबली असेल, वर जंतुसंसर्ग झाला, तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी गाठ. साध्या सोनोग्राफीत दोन्ही किडन्या सारख्याच फुगलेल्या दिसतात. खडा शोधायला सीटी स्कॅन चांगला, पण पोटात बाळ असताना त्याचे किरण डॉक्टर शक्यतो टाळतात. म्हणून चिठ्ठीवर लिहून आलं: रीनल डॉप्लर.

द्वारकेजवळच्याच एका सेंटरमध्ये नंबर लागला. गर्भलिंग निदान केले जात नाही, हा बोर्ड, एफ फॉर्म, सही, आणि भरपूर पाणी पिऊन बसायची सूचना. दीड तास बसलो. आई मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होती, ताई डोळे मिटून होती आणि मी, जशी आपली पिढी करते तसं, मोबाइल काढून डॉप्लर कोण ते बघत बसले. घरी आल्यावरही वाचत राहिले. ते तुम्हाला सांगायचंय.

ख्रिस्तियन डॉप्लरचा जन्म 29 नोव्हेंबर 1803चा, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा. मोझार्टचं कुटुंब काही वर्षं ज्या चौकात राहिलं, त्याच चौकात याचं घर. पण घराण्याचा धंदा संगीताचा नव्हता, दगडाचा होता. पिढ्यानपिढ्या पाथरवट. पोरगं मात्र तब्येतीने इतकं किडकिडीत निघालं की हातात छिन्नी-हातोडा देणं शक्यच नव्हतं. (ज्याच्या हातून दगड फुटला नाही, त्याचं नाव आज मुतखड्याच्या तपासणीला लागतं. असो.) बापाला वाटलं, निदान हिशेब तरी शिकू दे, धंद्याचं बघेल. त्याने तिथल्या गणिताच्या एका प्राध्यापकाचा सल्ला घेतला. प्राध्यापक श्टाम्फर यांनी मुलगा तपासला आणि सांगितलं की याला व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकला पाठवा. 1822मध्ये तो गेला. मग परत साल्झबर्ग, राहिलेलं शालेय शिक्षण, मग पुन्हा व्हिएन्ना, विद्यापीठात वरचं गणित, यांत्रिकी, खगोलशास्त्र. गॅप, ब्रेक, कोर्स बदल. आपल्याकडे नातेवाइकांनी नावं ठेवली असती असा एकूण प्रवास.

शिक्षण संपल्यावर चार वर्षं तो व्हिएन्नातच एका प्राध्यापकाचा सहायक होता. काम तात्पुरतं, मुदत संपली की बाहेर. 1833मध्ये ती संपली. वय तीस.

आणि इथून पुढचा भाग वाचताना मला स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आठवल्या. त्या काळी तिकडे प्राध्यापकाची जागा निघाली की उमेदवारांची लेखी परीक्षा व्हायची, नमुना व्याख्यान व्हायचं, मग कागद वर जायचे आणि निकालाची वाट. महिनोन्महिने. डॉप्लर अर्ज करत राहिला, परीक्षा देत राहिला, आणि पोटासाठी एका सूतगिरणीत हिशेबनीस म्हणून बसला. जवळजवळ दीड वर्ष. उच्च गणितावर शोधनिबंध छापून आलेला माणूस सुताच्या गाठींचे जमाखर्च मांडत होता. शेवटी कंटाळला. युरोपात आपलं काही होणार नाही, अमेरिकेला जाऊ, असं ठरवून त्याने किडूकमिडूक विकायला काढलं, म्युनिकला जाऊन अमेरिकेच्या वकिलाला भेटूनही आला. सामान विकलं जात असताना प्रागहून पत्र आलं. तिथल्या एका माध्यमिक शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून निवड झाली होती. 1835 साल. अमेरिका राहिली.

पुढच्या वर्षी त्याने लग्न केलं. बायको माटिल्डे, साल्झबर्गच्याच एका सोनाराची मुलगी. त्यांना पाच मुलं झाली. शाळेतल्या पगारात भागेना म्हणून तो पॉलिटेक्निकमध्ये जादा तास घ्यायला लागला आणि 1841मध्ये अखेर तिथेच पूर्ण प्राध्यापक झाला.

आता 25 मे 1842. प्रागच्या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, बोहेमियाच्या रॉयल विज्ञान संस्थेची बैठक. डॉप्लर एक निबंध वाचणार होता. ऐकायला माणसं किती, तर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी. तुमच्या कॉलेजच्या सेमिनारला याहून जास्त असतात, निदान अटेंडन्ससाठी तरी.

त्याचं म्हणणं समजायला सोपं होतं. समुद्रात लाटांच्या दिशेने बोट गेली तर लाटा तिच्यावर भराभर आदळतात. लाटांपासून दूर निघाली तर सावकाश. लाटा त्याच, फक्त भेटण्याचा वेग बदलला. मग आवाजही लाट आहे, प्रकाशही लाट आहे, तर स्रोत किंवा बघणारा हलत असेल तर आवाजाचा सूर आणि प्रकाशाचा रंग बदलायलाच हवा. किती बदलेल याचं सूत्रही त्याने मांडलं. त्याच्याजवळ प्रयोग नव्हता, मोजमाप नव्हतं. त्या काळी ताशी साठच्या वेगाने जाणारी वस्तू पाहायला मिळायची ती फक्त रेल्वे, आणि तीही नवीकोरी.

इथवर सगळं झकास. पण उदाहरण म्हणून त्याने जे घेतलं, तिथे गडबड झाली. आकाशात जोडतारे असतात, एकमेकांभोवती फिरणारे, त्यातल्या काहींचे रंग वेगवेगळे दिसतात. डॉप्लरने ठरवलं की सगळे तारे मुळात पांढरे आहेत, आपल्याकडे येणारा निळसर दिसतो, दूर जाणारा तांबूस. हे चूक. ताऱ्यांचे रंग ठरतात ते त्यांच्या तापमानाने. तारे सेकंदाला काही दहा किलोमीटर वेगाने हलतात आणि प्रकाश तीन लाख. त्यातून होणारा बदल दहा हजारात एखादा भाग. एवढ्याने डोळ्याला रंग बदललेला दिसत नाही. त्यात आणखी, एका टोकाचा प्रकाश दिसेनासा झाला तर न दिसणारे अतिनील किंवा अवरक्त किरण सरकून त्याची जागा भरतातच.

म्हणजे नियम बरोबर आणि उदाहरण साफ चुकीचं. तुमच्या पेपरात असं झालं तर किती मार्क मिळतील? मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

प्रागमधले तत्त्वज्ञ-गणिती बोल्झानो यांनी त्याची बाजू घेतली. हॉलंडमधल्या एका तरुणाने मात्र ठरवलं की हे खोटं आहे आणि मी ते सिद्ध करणार. ख्रिस्तोफ बाइस बॅलो हे त्याचं नाव. 1845मध्ये त्याने काय केलं असेल? रेल्वेकडून इंजिन मिळवलं, उघड्या डब्यात ट्रम्पेटवाले बसवले आणि उट्रेख्टजवळच्या रुळांवरून गाडी पळवली. रुळांच्या कडेलाही संगीतकार उभे केले, कान तयार असलेले, कारण सूर मोजायचं यंत्रच नव्हतं. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न थंडी-बर्फाने हाणून पाडला. जूनमध्ये पुन्हा केला. गाडी येताना सूर चढा, जाताना उतरता, आणि तोही सूत्रात बसेल असा. आवाजाच्या बाबतीत डॉप्लर बरोबर निघाला. ताऱ्यांच्या रंगांबद्दल बाइस बॅलो आपल्या मतावर ठाम राहिला आणि तिथे तो बरोबर होता. मला विचाराल तर विज्ञानाच्या इतिहासातला हा सगळ्यात छान बँड आहे.

डॉप्लरची प्रागमधली वर्षं काही सुखाची नव्हती. शेकडो मुलांच्या लेखी आणि तोंडी परीक्षा एकट्याने घ्यायच्या, तासन्‌तास बोलायचं, आणि छाती आधीच कमजोर. तो फार कडक परीक्षा घेतो अशी विद्यार्थ्यांनी तक्रार केली, चौकशी लागली, मध्ये आजारपणाची लांब रजा झाली. (मी त्या वर्गात असते तर तक्रारीवर माझीही सही असती, हे कबूल.) 1847मध्ये त्याने प्राग सोडलं आणि शेम्निट्झच्या खाणकाम अकादमीत गेला, ते गाव आज स्लोव्हाकियात आहे. वर्षभरात युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला, तिथेही धग पोचली. तो व्हिएन्नाला परतला. आणि जानेवारी 1850मध्ये, सूतगिरणीत हिशेब लिहिणारा हा माणूस व्हिएन्ना विद्यापीठात नव्याने निघालेल्या भौतिकशास्त्र संस्थेचा पहिला संचालक झाला. 1851मध्ये त्याच्या वर्गात एक साधू येऊन बसला. ग्रेगोर मेंडेल. वाटाण्यांवाला तोच.

असं वाटतं की आता तरी बरे दिवस येतील. आले नाहीत. 1852मध्ये व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत योसेफ पेट्झवाल याने डॉप्लरवर हल्ला चढवला. पेट्झवाल म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगांमुळे नाव झालेला मोठा गणिती. त्याचं म्हणणं, असल्या दोन ओळींच्या सूत्राला शास्त्र म्हणत नाहीत. त्याने स्वतःची भारीभक्कम समीकरणं मांडून दाखवलं की सूर बदलूच शकत नाही. त्याचं गणित बरोबर होतं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. वाजवणारा आणि ऐकणारा दोघंही जागच्या जागी आहेत आणि मधली हवा वाहते आहे, असा तो प्रश्न. तिथे सूर खरंच बदलत नाही. डॉप्लर बोलत होता हलणाऱ्या वाजवणाऱ्याबद्दल. सभेचं वजन मात्र पेट्झवालच्या बाजूने पडलं. रेल्वेवरच्या ट्रम्पेटांना सात वर्षं झाली होती तरीही.

तोवर छातीचा आजार हाताबाहेर गेला होता. हवापालटासाठी नोव्हेंबर 1852मध्ये तो व्हेनिसला गेला. ऊब मिळेल, बरं वाटेल म्हणून. 17 मार्च 1853 रोजी तिथेच गेला. वय 49. व्हेनिसजवळच्या सान मिकेले बेटावरच्या दफनभूमीत त्याचा स्मृतिफलक आहे. नेमकी कबर कुठली ते आता सांगता येत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून भरभर. फ्रान्समध्ये फिझो याने 1848मध्ये स्वतंत्रपणे हेच मांडलं होतं आणि ताऱ्याच्या सबंध रंगाकडे न बघता त्याच्या वर्णपटातल्या बारीक रेघांकडे बघा, असं सुचवलं होतं. 1868मध्ये विल्यम हगिन्सने त्या रेघांवरून व्याधाच्या ताऱ्याचा वेग मोजायचा प्रयत्न केला. पुढच्या शतकात रेघांचं हेच सरकणं हबलच्या कामी आलं आणि विश्व प्रसरण पावतंय हे कळलं. पावसाळ्यात बातम्यांत येणारं कुलाब्याचं डॉप्लर रडार तेच, बोलरचा वेग दाखवणारी स्पीड गन तीच.

आणि 1950च्या दशकात ओसाका विद्यापीठात शिगेओ सातोमुरा याने कानाला ऐकू न येणारा आवाज माणसाच्या हृदयावर सोडला आणि परत आलेला आवाज तपासला. तिथून डॉप्लर दवाखान्यात शिरला.

हे कसं चालतं, बघा. प्रोबमधून सेकंदाला समजा 35 लाख कंपनांचा आवाज शरीरात जातो. रक्तातल्या तांबड्या पेशींवर आपटून परत येतो. पेशी धावत असतात, म्हणजे आमच्या पुलावरचे ट्रकच. रक्त सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सरळ प्रोबकडे येत असेल तर परतीच्या आवाजात सुमारे 2,270 कंपनांचा फरक पडतो. गंमत अशी की हा फरक बरोबर माणसाच्या कानाच्या टप्प्यात येतो. म्हणून ते मशीन फुस्स-फुस्स असा आवाज काढतं. तो रक्ताचा आवाज नसतो, दोन आवाजांतला फरक असतो.

किडनीत याचा उपयोग असा. लघवीची वाट तुंबली की आतला दाब वाढतो, किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हृदयाचा ठोका पडतो तेव्हा रक्त जोरात आत घुसतंच, पण दोन ठोक्यांच्या मध्ये जो निवांत प्रवाह चालू राहायला हवा, तो कमी होतो. डॉक्टर जास्तीत जास्त वेगातून ठोक्याच्या अखेरचा वेग वजा करतात आणि जास्तीत जास्त वेगाने भागतात. समजा वरचा वेग सेकंदाला 40 सेंटिमीटर आणि खालचा 16, तर उत्तर 0.60. खालचा 10वर आला तर 0.75. साधारण 0.70च्या वर गेलं, किंवा एका किडनीचा आकडा दुसरीपेक्षा बराच जास्त निघाला, की अडथळ्याची शंका येते. शंका, बरं का. वय, बीपी, किडनीचे जुने आजार, यांनीही हा आकडा वाढतो आणि अर्धवट तुंबलेल्या नळीत तो वाढतही नाही. एकट्या आकड्यावर कुणी निर्णय घेत नाही. पण गरोदरपणातल्या त्या नेहमीच्या सुजेने तो सहसा वाढत नाही, म्हणूनच ताईसाठी तो कामाचा होता.

कलर डॉप्लरचे रंग मात्र आकाशाच्या उलट असतात. ताऱ्यांत दूर जाणारा लालकडे सरकतो. मशीनवर सहसा प्रोबकडे येणारं रक्त लाल आणि दूर जाणारं निळं दाखवतात. नुसती रीत. लाल म्हणजे शुद्ध रक्त, असं आईला वाटत होतं, ते तसं नाही. आणखी एक मला फार आवडलेली गोष्ट: कलर डॉप्लर लावला की मुतखडा बऱ्याचदा रंगीबेरंगी लुकलुकतो. खडा जागचा हलत नसतो, तरीही. त्याच्या खरबरीत पृष्ठभागावरच्या सूक्ष्म बुडबुड्यांमुळे मशीन फसतं असं मानतात. जो माणूस ताऱ्यांच्या रंगांनी फसला, त्याच्या नावाचं मशीन दगडाच्या रंगांनी फसतं, आणि डॉक्टर त्या फसण्यावरून खडा शोधतात!

ताईचा नंबर आला तेव्हा मला आत येऊ दिलं. अंधारी खोली, एसी, गार जेल. डॉक्टर मॅडम फार बोलत नव्हत्या. डावी किडनी 0.61. उजवी, दोनदा-तीनदा मोजून, 0.63. मग त्यांनी प्रोब ओटीपोटावर ठेवला. मूत्रवाहिन्या सतत गळत नाहीत, थोड्या थोड्या वेळाने पिचकारीसारखी लघवी मूत्राशयात सोडतात, आणि कलर डॉप्लरमध्ये ती पिचकारी रंगीत दिसते. ज्या बाजूची दिसत नाही तिथे वाट अडलेली असू शकते.

डावीकडून एक लाल झोत आला. थोड्या वेळाने दुसरा. उजवीकडे काळोख. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. चार मिनिटं. ताईने माझा हात धरला होता आणि तिची नखं रुतत होती, पण मी काही बोलले नाही. मॅडमनी तिला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं. गर्भाशयाचं ओझं उजव्या नळीवरून जरा हटावं म्हणून, हे मला नंतर कळलं. आधार देऊन तिला वळवलं, प्रोब पुन्हा ठेवला. पुन्हा काळोख.

आणि मग उजवीकडून झोत निघाला, तिरका, चांगला लांब, दिवाळीतल्या बाणासारखा. मॅडम पहिल्यांदा हसल्या. वाट मोकळी होती.

बाहेर आल्यावर आईने विचारलं काय दिसलं. मी म्हटलं, ताईची लघवी, लाल रंगात, फार सुंदर. आईने मला चारचौघांत फटका मारला आणि मग रडायलाच लागली. तेवढ्यात रस्त्यावरून एक अॅम्ब्युलन्स मुंबई नाक्याच्या दिशेने गेली.